रडताना गिळलेली ओळ

रहिमतपूर,
१२ मे २०२५

आत्या,

पाया पडते आणि लगेच मुद्द्यावर येते, कारण तुला लांबण लावलेलं आवडत नाही.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. तुझा फोन वीरधवलदादाच्या खिशात असतो आणि कुणाचाही आला की तो स्पीकरवर टाकून सगळ्या घराला ऐकवतो. पत्र मात्र नाथाजी पोस्टमन तुझ्याच हातात देईल, मी त्याला तसं बजावलंय. मी पोस्टात नोकरी करते त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

मी एक गोष्ट लिहिली आहे. साताऱ्याच्या एका दिवाळी अंकाला पाठवली होती. संपादकांनी परत पाठवली आणि वर लिहिलं, 'बाई खरी आहे, शेवट खोटा आहे. ऑगस्टच्या मध्यापर्यंत नवा शेवट द्या, छापू.' रागानं दोन दिवस मला जेवण गेलं नाही. खोटा म्हणजे काय? गोष्ट खोटीच असते की!

गोष्ट अशी. मालन नावाची बाई. बाप वारल्यावर भाऊ तिला रजिस्टर ऑफिसात नेतो, जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही करायला. आपल्याकडची रीत तुला माहीतच आहे. सही केली की साडीचोळी, नाही केली की माहेर तुटलं. माझी मालन भर ऑफिसात उभी राहते, भावाला खडे बोल सुनावते, कागद टराटरा फाडते आणि बाहेर पडते.

तुलाच का पाठवते, तर आपल्या भावकीत तुझ्यासारखं हेल काढून रडणारं दुसरं कुणी नाही. मेलेल्या माणसाचा जन्म तू चार ओळींत दारात उभा करतेस. गेल्या वर्षी आबा गेले तेव्हा तू रडायला लागलीस आणि पुरुषांनीसुद्धा माना खाली घातल्या. पण एका जागी तू थांबलीस. 'पुरात मला आसरा दिलास रं' म्हणालीस, पुढचं तोंडाशी आलं आणि तू ते गिळलंस. कुणाच्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं. माझी गोष्ट तिथनं सुरू झाली.

मालन म्हणजे कुणीच नाही बरं का. मनातली बाई आहे. वाच आणि कसं वाटलं ते कळव.

तुझी,
क्रांती

•

भिलवडी,
२४ मे

क्रांते,

आशीर्वाद हायतच. पर आज ते मागं ठेव.

मनातली बाई म्हणं! आमाला काय खुळं समजतीस व्हय गं? बाप दादासो मरतो, धाकटा भाऊ थोरल्या भनीला सायकलवर फलटणला नेतो, साडीचोळी देतो. आगं, मालन म्हंजी मीच की. आन् मी तर सही केली. तुझी मालन कागुद फाडती. म्हंजी आत्या भित्री हुती, तिनं काय करायला पायजे हुतं ते बघा, आसंच सांगायचंय न्हवं तुला? लय शानी झालीस. पोस्टात शिक्के मारून मारून हात शिवशिवायला लागलाय तुझा.

मी सातवी शिकले. शुद्ध लिवायला बसले की माझं तोंड बंद पडतं, म्हणून बोलते तशी लिवतीया. चुका काढू नगंस.

आता गोष्टीचं सांगते. राग हाय म्हणून न सांगता बसले तर मला झोप लागायची न्हाई.

पैलं म्हंजी, रजिस्टर हापिसात कुणी भाषान देत न्हाई. तुझी मालन दीड पान बोलती. दीड पान! तिथं तोंडातली थुकी वाळती बाई. कारकून म्हणतो पुढं या, वकिलाला दुसरीकडं जायची घाई, पंखा नुसता कुरकुरतो. आन् भाऊ हळूच इचारतो, 'आक्का, सही झाल्यावर चा घ्यायचा का उसाचा रस?' इतक्या मायेनं इचारल्यावर फाड बरं कागुद. बघू.

दुसरं, भाऊ निस्ता राक्षस केलायस. राक्षसाला न्हाई म्हणायला काय अक्कल लागती व्हय? तुझा बाप, माझा आकाराम, चांगला हुता. चांगल्या मानसाला न्हाई म्हणता येत न्हाई, तीच तर सगळी रड हाय.

तिसरं, साडीचोळी आदी देत न्हाईत. सही झाल्यावर देत्यात. आदी दिली तर सही इकत घेतल्यागत दिसतं. तुझ्या गोष्टीत भाऊ घरातनं निगतानाच पिशवी देतो. आपल्या गावातली एक बाई पुढं वाचायची न्हाई.

आन् 'मालन अतिशय दुःखी होती' आसं तीन टायमाला लिवलंयस. मयताला मी कवा म्हणते का, लय चांगला हुता गं, लय दुःख झालं गं? त्यानं कुणाच्या डोळ्याला टिपूस येत न्हाई. मी काय म्हणले हुते आकारामाला? 'कडक पाणी लागायचं रं तुला आंगुळीला, आज गार पाण्यानं घातली रं भावा.' तवा रडल्या बाया. दुःख सांगायचं न्हाई. पाणी सांगायचं.

शेवटचं. तू त्या वाचणाऱ्या लोकास्नी सांगत बसतीस. आमी रडताना जमलेल्या बायांस्नी सांगत न्हाई. जो आडवा पडलाय त्याच्याशी बोलतो. बाया आपल्या ऐकत्यात.

गोष्ट परत धाडतीया. छापू नगंस.

आत्या

•

रहिमतपूर,
३ जून

आत्या,

छापणार.

रागावून लिहीत नाही, शांतपणे लिहिते. तू भित्री होतीस असं मला मुळीच म्हणायचं नव्हतं. पण तुझं पत्र वाचून मला माझीच लाज वाटली, कारण एकेक शब्द खरा होता. परवा रविवारी मी पहिली चार पानं फाडली. मालननं फाडण्यापेक्षा मीच फाडलेली बरी! आता गोष्ट घरातनं निघण्यापासून सुरू होत नाही, रजिस्टर ऑफिसच्या बाकापासून होते. भाऊ राक्षस नाही. दहावीला बहिणीचा नंबर आला तेव्हा पेढे वाटायला सगळ्यात पुढं तोच होता. दुःखी हा शब्द शोधून शोधून खोडला. साडीची पिशवी आता वकिलाच्या टेबलाखाली आहे. मालनला ती सारखी दिसते, पण कुणी हात लावत नाही. हे मला फार आवडलं, तुला?

मधलं सगळं जमलं. शेवट जमत नाही. मालन बाकावरनं उठते आणि मी अडते. भाषण काढून टाकलं तर तिच्या तोंडाला शब्दच उरत नाहीत.

म्हणून विचारते. तू गिळलीस ती ओळ कुठली होती? ती मिळाली तर शेवट मिळेल असं मला वाटतं. सांगायची नसेल तर तसं सांग, पण ओळ नव्हतीच असं म्हणू नकोस. मी समोर बसले होते.

इकडं बाकी विशेष काही नाही. ऋषिराज बरा आहे, ऊस चांगला आहे. तुझा जावई धनाजी अजून तिकडंच पोस्टिंगवर, दिवाळीला सुट्टी मिळेल म्हणतात.

क्रांती

•

भिलवडी,
१५ जून

क्रांती,

विशेष काई न्हाई म्हणतीस!

काल तुझ्या भावाचा, ऋषिराजचा फोन आला. वीरधवलनं स्पीकरवर टाकला, सगळ्या घरानं ऐकलं. 'आत्या, सोळा जुलैला क्रांतीताई फलटणला येऊन हक्कसोडीची सही करनार हाय. तू साक्षीला ये. घरातलं थोरलं मानूस असलं की बरं दिसतं.' मी व्हय म्हणले न्हाई, न्हाई म्हणले न्हाई. भाकरी करपली तेवढी.

आता कळलं मला, तुझा शेवट खोटा का वाटतो त्यो. मी बसले माझंच रडत, मालन म्हंजी मी म्हणून. मालन म्हंजी तूच हायस गं! ती बाकावरनं उठती आन् तू अडतीस, कारण तुझाच पाय उठत न्हाई. आन् मला भाऊ बरा हाय, ऊस बरा हाय आसं लिवतीस. आगं, मी तुझ्या बापाची भन, पोटातलं वळखते.

तू ओळ मागितलीस. घे मग. आजपातूर कुणाला सांगितली न्हाई.

एकोणतीस वर्सं झाली. तुझा आजा दादासो जाऊन दोन म्हैने झालेले. आकाराम मला फलटणला घिऊन निगाला. मी सायकलीच्या कॅरेजवर, पुढं नळीवर तू. पाच वर्साची हुतीस, येणार म्हणून रडून गोंधळ घातलास. सही केली. त्यानं तुला लिंबाची गोळी घिऊन दिली, मला साडी. जांभळी, बारीक काठाची. येताना वाऱ्यानं पदर चाकात गुतला, आकाराम उतरला आन् हातानं सोडवला. आसा माझा भाऊ. त्याच्यावर राग कसा धरायचा गं?

मग त्यो पूर आला. आमच्या घरात गळ्याइतकं पाणी. मी दोन ट्रंका घिऊन माहेरला आले. आकारामाला म्हणले, 'ह्या ट्रंका माजघरात ठेवू का रं?' त्यो कळवळून म्हणला, 'आक्का, इचारतीस काय? घर तुझंच हाय.' आन् मला तवा कळलं. ज्याचं घर असतं त्यो इचारत न्हाई. मी आपली पायरीपासनं इचारतच आत आलेली. म्हैनाभर इचारून आंगुळ केली, इचारून चा घेतला. कुणी वंगाळ बोललं न्हाई. तरी इचारलं.

त्याच्या मयताला तोंडाशी आलं ते हे: 'घर तुझंच म्हणालास रं भावा, मग सही कशाची घेतलीस?' गिळलं. तुमी लेकरं समोर हुता. आन् त्याच्या तोंडात पाणी घातलेलं, त्यो काय सांगणार हुता मला?

आता एक हिकमत सांगते, लिवायलाबी उपेगी पडंल. भर चावडीत बाई बोलाय लागली की चार जण तिला गप करत्यात. पर रडणाऱ्या बाईला कुणी गप कर म्हणत न्हाई. तिला मधी तोडायची रीत न्हाई. म्हणून आमच्या आज्या-पणज्यांनी जे सांगायचं ते रडण्यात घालून सांगितलं. सासू कशी हुती, दीर कसा हुता, सगळं. तुमी शिकलेल्या बाया रुमाल लावून फुसफुस रडता. तुमाला कोण ऐकणार?

आत्या

•

रहिमतपूर,
२२ जून

आत्या,

पकडलंस. काय लपवू आता?

मी ऋषिराजला हो म्हणून बसले आहे. कारणं पुष्कळ. माझ्या ऑपरेशनला त्यानं रक्त दिलं. आई गेल्यावर माझी पहिली दिवाळी त्यानं केली, करंज्या स्वतः तळल्या, अर्ध्या फुटल्या. धनाजीला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, 'तुझी जमीन, तुझी सही. मला मधी घेऊ नकोस.' म्हणजे आडोसा पण गेला.

खरं सांगते, मी मनाशी ठरवलं होतं. फलटणला जाऊन सही करायची आणि गोष्टीत कागद फाडायचा. म्हणजे दोन्हीकडं जिंकले. भाऊ खूश, वाचक खूश, अंकात नाव. संपादकांना शेवट खोटा वाटला, त्यांना कुठं माहीत होतं, खोटा का ते?

मला भीती वाटते गं. राखीला कुणाला बांधू? तू सोळा तारखेला येशील का? साक्षीला नको. नुसती शेजारी बस.

क्रांती

•

भिलवडी,
३० जून

क्रांती,

येणार न्हाई. साक्षीला न्हाई, आडवायलाबी न्हाई. मी शेजारी बसले तर तू माझ्या जिवावर बोलशील आन् उद्या म्हणशील, आत्यानं करायला लावलं. सही माझ्या हातानं झाली हुती, तुझी तुझ्या हातानं होऊ दे न्हाईतर राहू दे.

एकच सांगते. सही करायची तर कर, पर मग मालनलाबी करू दे, आन् साडी घिऊन सायकलवर बसू दे. ती गोष्टबी वाईट न्हाई व्हायची. मी जगले की ती. पर स्वतः गप बसून मालनला शूर करशील तर माझ्याशी गाठ हाय. ती बिचारी कागदावरची बाई, तिला कुणाचा आधार? तिच्या नावानं खोटं बोलू नगंस.

भ्यायचं तर भी. मीबी भ्याले हुते.

आत्या

•

रहिमतपूर,
१८ जुलै

आत्या,

झालं. तसंच्या तसं सांगते.

सकाळी अकराला आम्ही बाकावर. मी, ऋषिराज, चुलते आप्पासो आणि वकील. पंखा खरोखर कुरकुरत होता, मला हसू आलं. पिशवी वकिलाच्या टेबलाखाली होती, मी न विचारता बघितली, मोरपंखी. आमच्या पुढं एक अंबूबाई म्हणून म्हातारी, तिचे दोन भाऊ तिला दोन्ही बाजूंनी धरून, जणू ती पळूनच जाणार होती.

आमचा नंबर पुकारला. आत फोटोचा कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन. कारकून म्हणाला, 'ताई, खुशीनं सोडताय ना हक्क?' मी तोंड उघडलं. आधी पाठ केलेलं भाषण होतं बरं का माझ्याजवळ, वहीत लिहून नेलेलं. एक अक्षर आठवेना. थुंकी वाळली, तू म्हणालीस तशीच. ऋषिराज हळूच म्हणाला, 'ताई, झाल्यावर रस पिऊया.'

रस म्हटल्याबरोबर माझ्या जिभेवर लिंबाची गोळी आली गं, एकोणतीस वर्षांपूर्वीची. आणि मी रडायला लागले. फुसफुस नाही. हेल काढून. आयुष्यात पहिल्यांदा.

'माझ्या आबाऽ, नळीवर बसवून मला आणलंसा वं आबाऽ. कॅरेजवर आत्याला आणलंसा. जाताना घरची लेक हुती वं ती, येताना पाव्हणी झाली. मला गोळी दिलीसा, तिला साडी दिलीसा, चाकातला पदर सोडवलासा वं हातानं. आबाऽ, पुरात म्हणालासा घर तुझंच हाय. तुझंच हाय म्हणालासा तर सही कशाची घेतलीसा वं आबाऽ?'

ती ओळ बाहेर आली आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना. आप्पासो काका उठले, हात वर केला, तसाच खाली घेतला. तू म्हणालीस ते खरं, कुणी गप म्हटलं नाही. सगळे सुन्न झाले. मी पुढं म्हणाले, 'तुमच्या लेकानं मला रक्त दिलं वं आबाऽ, त्याला सांगा, रक्त घेतलं तवा मी त्याच्याकडनं लिहून नाही घेतलं.' मग पदरानं तोंड पुसलं. कारकुनाला म्हटलं, 'खुशीनं नाही. सोडत नाही.' एवढंच. कागद फाडला नाही. फाडायची गरजच पडली नाही, नुसता टेबलावर राहिला.

बाहेर आले तर अंबूबाई भावांना म्हणत होती, 'थांबा रं जरा, मला बसू दे.' पुढं तिनं काय केलं मला माहीत नाही. बघायला थांबले नाही.

ऋषिराज गाडीपर्यंत मागं आला. म्हणाला, 'ताई, चारचौघांत कशाला?' मी म्हटलं, 'चारचौघांतच सही घेणार होतास की.' तो वळला आणि गेला. रस राहिला. तेव्हापासून फोन नाही. दिवसातनं दहा वेळा मोबाइल बघते. पण सही करून आले असते तर आरशात बघवलं नसतं, हेही खरं.

नवा शेवट सोबत आहे. मालन रडते. गोष्ट मी संपादकांना अजून पाठवलेली नाही. ती ओळ तुझी आहे. तू नको म्हणालीस तर पाठवणार नाही, ह्या वेळी खरंच.

क्रांती

•

भिलवडी,
१२ ऑगस्ट

क्रांती,

पत्राला उशीर केला. राखी होऊन जाऊ दे म्हणले. तुझ्याकडं ऋषिराज आला न्हाई, ते कळलं मला. त्या दिवशी तू पोस्टात बसून लोकांच्या राख्यांची टपालं वाटत असशील, आसं मनात आलं आन् मला जेवण गेलं न्हाई. हे आदी लिवते, म्हंजी पुढचं बोलायला मी मोकळी.

तुझ्याकडं गेला न्हाई, पर राखीच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आला. म्हणला, 'आत्या, तू तिला समजाव. आता गोष्ट छापणार म्हणं, सगळा तालुका वाचंल.' मी म्हणले, आदी खा. धपाटी घातली. खाऊन झाल्यावर तुझी गोष्ट त्याच्या हातात दिली. म्हणले, माझा चष्मा मोडलाय, वाचून दाव.

चष्मा नाकावरच हुता माझ्या. त्याच्या ध्यानात आलं न्हाई.

वाचाय लागला. पैल्यांदा भरभर, कोर्टातला कागुद वाचावा तसा. दहावीच्या पेढ्यापाशी हळू झाला. करंज्या फुटल्या तिथं थांबला, पाणी मागितलं. मालन बाकावरनं उठली तवा पान संपलं, आन् पुढचं पान मी मांडीखाली दडवून ठेवलेलं. म्हणला, 'आत्या, पुढं काय झालं?' बघ गड्या, ज्याच्या इरुद्ध लिवलंय त्योच इचारतो पुढं काय झालं! म्हंजी गोष्ट जमली. मी म्हणले, 'पुढचं तुला ठावं हाय. तू तिथंच हुतास.' त्यानं हात पुढं केला. मग पान मागून घेतलं आन् मनातल्या मनात वाचलं. पानं नीट लावून दिली आन् गेला. तुला फोन करंल का न्हाई ते मी सांगत न्हाई, मी काय देवरुषी न्हाई. न्हाई केला तरी तू बरोबर हायस.

आता चुका. 'सगळे सुन्न झाले' लिवलंयस. खोड. कारकुनाच्या हातात काय हुतं ते लिव. अंगठा पुसायची चिंधी असंल न्हाईतर पेन असंल, ते तसंच राहिलं असंल. आन् शेवटी मालन 'आता ती स्वतंत्र होती' आसं एक वाक्य चिकटवलंयस, तेबी काढ. रडून झाल्यावर आमी बाया कवा म्हणतो का, आता आमी रडलो म्हणून? उठतो आन् तोंड धुतो.

बाकी ओळ बरोबर जागी बसली. मी इतकी वर्सं गिळून ठेवली, तू थुकलीस. बरं केलंस. मला वाटत हुतं, ती बाहेर आली तर आकारामावर डाग पडंल. वाचल्यावर मला त्यो पदर सोडवणारा हातच आठवला. डाग न्हाई पडला. दोन्ही खरं हाय, आन् दोन्ही तुझ्या गोष्टीत हाय.

वीरधवल म्हणतो, 'आई, नाव तरी बदलून घे, लोक वळखतील.' मी म्हणले, व्हय, नाव बदलायलाच पायजे.

तवा ऐक. संपादकाकडं धाडायच्या आदी मालन हे नाव सगळीकडनं खोड. एकूण चौतीस जागा हायत, मी मोजल्यात. तिथं माझं नाव लिव. एकदा मी नाव लिवलं ते चुकीच्या कागदावर लिवलं. ह्या कागदावर तरी नीट येऊ दे. कुणी इचारलं तर सांग, बाईनं सोता सांगितलंय, खुशीनं सांगितलंय, कुणाच्या दबावाखाली न्हाई. साक्षीदार लागत असंल तर नाथाजी पोस्टमन हाय.

आन् सासरचं नगं. हक्क सोडायच्या आदीचं, माहेरचं लिव.

विजयमाला दादासो रणवरे